टेकडीच्या पायथ्याचे घर आणि वणवा

पुणे हे टेकड्यांनी वेढलेले शहर आहे. पर्वती, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, तळजाई, पाचगाव, बाणेर-पाषाणची टेकडी, कात्रजचे डोंगर अशी नावे पुण्यातल्या प्रत्येक मुलाला पाठ असतात. पूर्वी वस्ती आणि टेकडी यांच्यामध्ये शेते असत, माळ असे. शहर वाढत गेले तशी घरे टेकड्यांच्या पायथ्याला जाऊन भिडली. कोथरूड, वारजे, बावधन, पाषाण, बाणेर, धनकवडी, कात्रज अशा कितीतरी भागांत आज जिथे इमारतीची कुंपणभिंत संपते, तिथेच टेकडीचे गवत सुरू होते.

नव्या घरांच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. 'खिडकी उघडताच हिरवीगार टेकडी!' जाहिरात खोटी नसते, पण ती अर्धीच खरी असते. टेकडी हिरवीगार असते ती जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत. डिसेंबरात ती पिवळी होते, मार्चमध्ये तपकिरी होते आणि एखाद्या रात्री तिच्या अंगावर लालभडक माळ सरकताना दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तर अर्धी टेकडी काळी!

हाच वणवा. उन्हाळ्यात पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर तो पुन्हा पुन्हा लागतो. मग टेकडीला लागून घर असणाऱ्यांनी, किंवा तिथे घर घेऊ पाहणाऱ्यांनी त्याला किती घाबरावे? घाबरणे आणि काळजी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळजी घ्यायची तर आग पुढे कशी सरकते, हे आधी समजून घ्यायला हवे. चला तर, ते पाहू या.

आगीला काय काय लागते?

आगीला तीन गोष्टी लागतात, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. जळणारा पदार्थ, प्राणवायू आणि त्या पदार्थाला ज्वलनांकापर्यंत नेणारी उष्णता. यांतली एक जरी काढून घेतली तरी आग विझते. टेकडीवर प्राणवायू अमाप आहे, तो काही आपण काढून घेऊ शकत नाही. उरल्या दोन गोष्टी: जळण आणि ठिणगी.

जळण म्हणजे मुख्यतः गवत. पुण्याच्या टेकड्यांवर कुसळी, पवना, मारवेल यांसारखी गवते वाढतात. शिवाय वनीकरणासाठी लावलेल्या गिरिपुष्पाची पाने थंडी संपता संपता गळतात आणि त्यांचा जमिनीवर थर साचतो.

पण लाकडाचा ओंडका पेटवायला इतके कष्ट पडतात आणि गवताची काडी मात्र भुर्रकन पेटते, असे का? एक सोपे गणित करा. १० सेंटिमीटर बाजू असलेला लाकडी ठोकळा घ्या. त्याच्या सहा पृष्ठभागांचे मिळून क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर. आता त्याचे १ सेंटिमीटर बाजूचे एक हजार तुकडे करा. लाकूड तेवढेच, पण पृष्ठभाग ६,००० चौरस सेंटिमीटर झाला. १ मिलिमीटर बाजूचे तुकडे केलेत तर तो ६०,००० होईल. पृष्ठभाग वाढला की हवा जास्त भिडते आणि उष्णताही झटकन आतवर पोचते. निसर्गाने बारीक करून, हवेशीर पसरून ठेवलेले जळण म्हणजे गवत.

वाळलेल्या गवताचे गणित

मग पावसाळ्यात तेच गवत का पेटत नाही? याचे उत्तर पाण्यात आहे. पदार्थात पाणी असेपर्यंत त्याला मिळणारी उष्णता आधी ते पाणी तापवण्यात आणि त्याची वाफ करण्यात खर्च होते. गवताचे तापमान काही केल्या वर चढत नाही.

समजा, ऑगस्टमधल्या गवतात १ किलोग्रॅम कोरड्या भागामागे २ किलोग्रॅम पाणी आहे. ३० अंश सेल्सिअसचे पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला दर ग्रॅमला ७० कॅलरी आणि त्याची वाफ करायला ५४० कॅलरी लागतात. म्हणजे दर ग्रॅमला ६१० कॅलरी. २ किलोग्रॅम पाण्यासाठी झाल्या १२,२०,००० कॅलरी. आता एप्रिलमधले गवत घ्या. त्यात १ किलोग्रॅम कोरड्या भागामागे जेमतेम ५० ग्रॅम पाणी आहे असे धरा. त्यासाठी लागतील ३०,५०० कॅलरी. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उत्तर येते ४०! म्हणजे ऑगस्टमध्ये आगीला जो 'कर' भरावा लागतो, त्याच्या चाळिसाव्या हिश्श्यात एप्रिलमध्ये काम भागते.

इथे चौकस वाचक विचारील की, १ किलोग्रॅम गवत जळले की सुमारे ४३ लाख कॅलरी उष्णता मिळते. मग त्यातून १२ लाखांचा कर भरणे काय अवघड आहे? प्रश्न योग्य आहे. पण ही उष्णता बहुतेक सगळी वर आकाशात निघून जाते. शेजारच्या न पेटलेल्या गवताच्या वाट्याला तिचा लहानसाच भाग येतो. त्या लहान वाट्यातून कर भरता आला तरच आग पुढे सरकते, नाही तर जागीच विझते.

पुण्याचे हवामानही वणव्याला साथ देणारे आहे. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्या पावसावर गवत गुडघ्याइतके, कधी कमरेइतके वाढते आणि पुढचे सात-आठ महिने ते नुसते वाळत राहते. मार्च-एप्रिलच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २० ते २५ टक्क्यांच्या आसपास उतरते. वाळलेले गवत हवेतली आर्द्रता टिपकागदासारखे शोषते आणि हवा कोरडी झाली की सोडूनही देते. म्हणून पहाटे पेटायला कुरकुर करणारे गवत दुपारी तीन वाजता एका काडीने भडकते.

चढ आणि वारा

आगकाडी पेटवून टोक वर धरले तर ज्योत हळूहळू खाली येते. टोक खाली केले तर ती भराभर वर चढते आणि बोटाला चटका बसतो. हे तुम्ही घरी निरांजन लावताना पाहिले असेल. टेकडीवर हेच मोठ्या प्रमाणावर घडते. तापलेली हवा वर जाते आणि चढावर गवताचे पुढचे थर ज्वाळांच्या अगदी जवळ येतात. त्यामुळे ते आधीच तापून, वाळून तयार राहतात.

वणव्याचा अभ्यास करणाऱ्यांनी एक ढोबळ नियम काढला आहे. चढ दर १० अंशांनी वाढला की वर जाणाऱ्या आगीचा वेग दुप्पट होतो. सपाटीवर जो वेग १, तो १० अंशांच्या चढावर २ आणि २० अंशांच्या चढावर ४. उताराने खाली येणारी आग याउलट मंदावते.

इथे एक मजेदार योगायोग पाहा. टेकड्या वाचाव्यात म्हणून पुण्याच्या नियोजनात १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मज्जाव केलेला आहे. १:५ म्हणजे ५ मीटर आडवे गेल्यावर १ मीटर चढ. याचा कोन येतो साधारण ११ अंश. म्हणजे जिथून आगीचा वेग दुप्पट होऊ लागतो, जवळजवळ तिथूनच ही मनाई सुरू होते! हा नियम काही वणव्यासाठी केलेला नाही, पण तो पाळल्याने आपण वणव्यापासूनही दूर राहतो.

यावरून निष्कर्ष निघतो की टेकडीच्या माथ्यावरचे किंवा चढावरचे घर जास्त धोक्यात आणि पायथ्याचे घर त्या मानाने सुरक्षित. पण थांबा. अजून वाऱ्याचा विचार व्हायचा आहे. वारा ज्वाळांना पुढे वाकवतो आणि पुढच्या गवताला चिकटवतो, म्हणजे चढ करतो तेच काम करतो. पुण्यात उन्हाळ्याच्या दुपारी व संध्याकाळी वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. वेताळ टेकडीचे उदाहरण घ्या. तिच्या पूर्वेला गोखलेनगर, सेनापती बापट रस्ता असा दाट वस्तीचा भाग आहे. टेकडीवरून येणारा पश्चिमेचा वारा धूर आणि ठिणग्या तिकडेच नेणार. रात्री टेकडीवरची हवा गार व जड होऊन उताराने खाली घरंगळते आणि तिच्याबरोबर धूरही पायथ्याच्या घरांत शिरतो. म्हणून पायथ्याला घर असले तरी 'टेकडीच्या कोणत्या बाजूला?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

वणव्याची ताकद मोजू या

एखादा वणवा फांद्यांनी झोडपून विझतो, तर एखाद्याजवळ उभेसुद्धा राहवत नाही. हा फरक आकड्यांत मांडता येतो. आगीच्या आघाडीच्या दर मीटरमधून दर सेकंदाला किती उष्णता बाहेर पडते, ते काढायचे. सूत्र सोपे आहे:

ताकद = १ किलोग्रॅम जळणातली उष्णता × दर चौरस मीटरवरचे जळण × आगीचा वेग

गवतासाठी पहिला आकडा १८,००० किलोज्यूल धरू. समजा, न कापलेल्या, न चरलेल्या टेकडीवर दर चौरस मीटरला ०.४ किलोग्रॅम गवत आहे आणि आग सेकंदाला अर्धा मीटर सरकते आहे. गुणाकार करा: १८,००० × ०.४ × ०.५ = ३,६०० किलोवॅट. अशा आगीच्या ज्वाळा तीन मीटरांहून लांब होतात.

आता दुसरी टेकडी घ्या. तिथले गवत दिवाळीनंतर कापून नेले आहे. उरले आहे दर चौरस मीटरला ०.१ किलोग्रॅम. जळण विरळ असल्याने वेगही सेकंदाला ०.२ मीटरच. १८,००० × ०.१ × ०.२ = ३६० किलोवॅट. ज्वाळा साधारण १.२ मीटर, म्हणजे चार फुटांच्या आतबाहेर.

ही चार फुटांची मर्यादा फार महत्त्वाची आहे. ज्वाळा याहून लहान असतील तरच शिकलेली माणसे हातातल्या साधनांनी आगीला समोरून भिडू शकतात. त्याहून मोठ्या ज्वाळांसमोर हातातली साधने घेऊन कोणीच उभे राहू नये. म्हणजे गवत एक चतुर्थांश केले की ताकद एक दशांश झाली! वणव्याशी खरी लढाई मार्चमध्ये होत नाही. ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये विळ्याने होते.

दुसरी गोष्टही या आकड्यांतून दिसते. सेकंदाला अर्धा मीटर हा वेग ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण दहा मिनिटांत तीच आग ३०० मीटर पुढे जाते. 'कोणीतरी फोन केला असेल' असे म्हणत गच्चीतून बघत राहण्याची ही किंमत.

आग घरापर्यंत कशी पोचते?

याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे प्रत्यक्ष ज्वाळा. गवत थेट भिंतीपर्यंत असेल तर ज्वाळा भिंतीला टेकतात. पुण्यातल्या विटा-काँक्रीटच्या भिंती पेटत नाहीत. पण भिंतीलगतच्या केबली, प्लॅस्टिकचे पाण्याचे नळ, उभी केलेली स्कूटर पेटू शकते.

दुसरी वाट म्हणजे प्रारण. शेकोटीसमोर बसल्यावर पाठीला थंडी आणि तोंडाला ऊब लागते, ती प्रारणाने. भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरवर सुमारे १ किलोवॅट ऊर्जा पडते. मोठ्या वणव्याजवळ याच्या दहा, वीस, चाळीस पट प्रारण अंगावर येते. साधी काच तडकते, पडदे पेट घेतात. दिलासा इतकाच, की अंतर वाढवले की हे प्रारण झपाट्याने कमी होते.

तिसरी वाट सर्वांत फसवी आहे, ती म्हणजे उडत्या ठिणग्या. जळती पाने, काटक्या, शेणाच्या गोवऱ्यांचे तुकडे वाऱ्याबरोबर आघाडीच्या पुढे जाऊन पडतात. काँक्रीटवर पडलेली ठिणगी विझते. पण पन्हळीत साचलेला पालापाचोळा, गॅलरीतली हिरवी जाळी, वाळत घातलेले कपडे, गच्चीवरची जुनी गादी यांवर पडली तर? मग टेकडीवरची आग विझल्यानंतरही घरात नवी आग सुरू होते.

दूरदेशीचे धडे

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी भयंकर वणवे पेटले. १७३ माणसे मरण पावली आणि दोन हजारांहून अधिक घरे जळाली. त्या देशात वणव्यात नष्ट झालेल्या घरांचा अभ्यास झाला, तेव्हा आढळले की बहुतेक घरे झाडीपासून १०० मीटरांच्या आत होती. तिथे आता झाडीजवळ घर बांधायचे तर आधी त्या जागेची वणवा-पातळी ठरवतात. झाडी कोणत्या जातीची, किती दूर, उतार किती, यांवरून अंगावर किती प्रारण येईल ते काढतात. १२.५, १९, २९, ४० किलोवॅट असे टप्पे आहेत. सर्वांत खाली 'नगण्य धोका' आणि सर्वांत वर 'ज्वाळांचाच पट्टा' अशा एकूण सहा पातळ्या होतात. पातळी जितकी वरची, तितकी काच, छप्पर, दारे यांवरची बंधने कडक.

तुम्ही म्हणाल, तिथे निलगिरीची तेलकट जंगले आहेत, आपल्याकडे नुसते गवत. मग हवाई बेटांतल्या लाहैना गावाचे उदाहरण पाहा. ८ ऑगस्ट २०२३ रोजी ते गाव जळाले आणि सुमारे शंभर माणसे दगावली. तिथे मोठे जंगल नव्हते. गावाच्या वरच्या अंगाला उसाचे जुने मळे ओसाड पडले होते आणि त्यांवर परदेशी गवत माजले होते. सोसाट्याच्या वाऱ्यात विजेची तार तुटली, गवत पेटले आणि ठिणग्या लाकडी घरांवर पडल्या. गवताला कमी लेखू नये, एवढे यावरून नक्की कळते.

पुण्याची स्थिती त्याहून बरीच बरी आहे. आपली घरे लाकडी नाहीत आणि टेकडीवर दर चौरस मीटरला असणारे जळण जंगलाच्या मानाने थोडे असते. पण सगळ्यांचीच घरे काँक्रीटची नाहीत. टेकडीच्या कडेला पत्र्याच्या, ताडपत्रीच्या झोपड्या असतात, बांधकामावरच्या मजुरांच्या खोल्या असतात, गोठे असतात. धोका मोजताना आपल्या इमारतीपुरते पाहून चालत नाही. सर्वांत आधी झळ लागते ती यांना.

घर पाहायला जाल तेव्हा

तुमच्या घरी नवे घर घेण्याचे बोलणे चालले असेल, तर आईवडिलांबरोबर तुम्हीही जा. मोठी माणसे स्वयंपाकघर आणि वाहनतळ पाहतील. तुम्ही टेकडी पाहा. शक्य असेल तर पावसाळ्यात पाहिलेली जागा मार्चमध्ये पुन्हा पाहायला सांगा.

इमारत आणि गवत यांच्यामध्ये काय आहे? पक्का रस्ता, ओढा किंवा उघडी जमीन असेल तर फार उत्तम. नुसती तारेची जाळी असेल तर ती आगीच्या दृष्टीने नसल्यासारखीच. घर चढावर आहे की पायथ्याला? पायथ्याला असेल तर टेकडीच्या पूर्वेला की पश्चिमेला? अग्निशमन दलाचा बंब टेकडीकडच्या बाजूला पोचू शकेल इतका रस्ता रुंद आहे का, की तिथे दोन्ही कडांना मोटारी उभ्या असतात? आत येण्याचा आणि बाहेर पडण्याचा रस्ता एकच आहे की दोन? झाडांच्या बुंध्यांवर आणि दगडांवर जुन्या काजळीच्या खुणा दिसतात का? शेजारच्या दुकानदाराला विचारा, 'काका, उन्हाळ्यात इथे वणवा लागतो का?' कागदपत्रांत नसलेली माहिती तिथे मिळते.

कागदपत्रेही महत्त्वाची आहेत. जागेचा झोन दाखला घेऊन शेजारचा हिरवा पट्टा कोणत्या आरक्षणात आहे, ते मोठ्यांना पाहायला सांगा. १९९७ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या हद्दीतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. काही टेकड्या वन विभागाच्या ताब्यात आहेत. टेकडी कोणाची आहे हे माहीत असले, म्हणजे जाळरेषा काढा असा अर्ज कोणाकडे करायचा तेही कळते.

विम्याच्या कागदातही एक गंमत दडलेली असे. आगीच्या विम्याच्या जुन्या ठरलेल्या मसुद्यात झुडपांची आग भरपाईस पात्र होती, पण जंगलाची आग वगळलेली असे. आता टेकडीवरून आलेली आग झुडपांची की जंगलाची, यावर वाद घालत बसा! १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या घरांसाठीच्या विम्यात दोन्ही प्रकारच्या आगींचा समावेश केलेला आहे. घरी कोणता विमा आहे, हे विचारायला हरकत नाही.

घर आधीच तिथे असेल तर?

तर सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला पाहिजे. इमारतीभोवतीची जागा तीन पट्ट्यांत वाटा. भिंतीपासून दीड मीटरपर्यंत जळेल असे काहीच नको. फरशी, खडी किंवा उघडी माती असावी. त्यापुढे साधारण दहा मीटरपर्यंत हिरवे, नियमित पाणी दिलेले, खालच्या फांद्या छाटलेले बागेतले झाड चालेल. वाळका पाला नको. त्यापुढे तीस मीटरपर्यंत जागा सोसायटीची असेल तर गवत दिवाळीनंतर कापून उचलून न्यावे. नुसते कापून तिथेच टाकले तर जळण तेवढेच राहते. ते गुरांना घालावे, नाही तर त्याचे खत करावे. जागा वन विभागाची किंवा महापालिकेची असेल तर आपण होऊन विळा चालवायचा नाही. त्या कार्यालयाला हंगामाआधीच लेखी कळवायचे.

वन विभाग जाळरेषा काढतो, म्हणजे गवताचा एक पट्टा आधीच कापून किंवा देखरेखीखाली जाळून टाकतो. पुढे आग आली तर तिला तिथे खायला काही मिळत नाही. पट्टा किती रुंद हवा? ज्वाळांच्या लांबीपेक्षा बराच जास्त. तीन मीटर लांबीच्या ज्वाळेपुढे एक मीटरची पायवाट काय करणार?

उंच इमारतींत अग्निशमनाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र कायद्याप्रमाणे दरवर्षी जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यावे लागते. जानेवारीतली तपासणी वणव्याच्या हंगामाच्या अगदी तोंडावर येते. त्याच वेळी टेकडीच्या बाजूचा पाण्याचा नळ चालतो का, तिथवर पाइप पोचतो का, हे पाहून घ्यावे. पन्हळी आणि गच्ची फेब्रुवारीत झाडून घ्याव्यात.

आणि आग दिसलीच तर? तुम्ही मुलांनी ती विझवायला धावायचे नाही. १०१ या क्रमांकावर अग्निशमन दलाला किंवा ११२ वर फोन करायचा. टेकडी वन विभागाची असेल तर १९२६ वरही कळवायचे. कोणती टेकडी, कोणती बाजू, जवळची खूण कोणती, हे सांगायचे. खिडक्या लावून घ्यायच्या, वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे. टेकडीवर असाल तर धुराच्या दिशेने किंवा आगीच्या वरच्या अंगाला पळू नका. आग चढावर तुमच्यापेक्षा वेगाने येते. जळून काळ्या झालेल्या भागाकडे किंवा आडव्या वाटेने बाजूला निघून जा.

आग लावतो कोण?

वीज पडून वणवा लागू शकतो, पण आपल्याकडे विजेबरोबर बहुधा वळवाचा पाऊसही येतो. बांबूवर बांबू घासून आग लागते असे सांगतात, पण पुण्याच्या टेकड्यांवर बांबूची बने आहेत कुठे? बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात. फेकलेले विडी-सिगारेटचे थोटूक, पेटवलेला कचरा, अर्धवट विझलेली चूल, किंवा 'जाळले की पुढच्या वर्षी गवत चांगले येते' हा समज. राखीव जंगलात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे.

या समजात तथ्य किती? गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून वरचा भाग जळाला तरी ते पुन्हा फुटते. कुसळीची तर आणखी कमाल आहे. तुमच्या मोज्यांना चिकटणारे ते पिळाचे कुसळ ओले-कोरडे होताना स्क्रूसारखे फिरते आणि बी जमिनीत रोवते. वरून आग गेली तरी मातीखालचे बी वाचते. पण झाडाच्या रोपाचा कोंब शेंड्याला असतो. ते रोप होरपळते. टिटवी, चंडोल, तित्तिर यांची घरटी जमिनीवरच असतात. दरवर्षी जाळले की कुसळीसारखी आगीला न भिणारी गवते शिल्लक राहतात आणि बाकीचे हळूहळू नाहीसे होते.

उलट टोकाला जाऊन 'सगळी टेकडीच तासून साफ करा' असे म्हणणेही चूक. गवताळ टेकडी म्हणजे पडीक जमीन नव्हे. ती पावसाचे पाणी जिरवते, माती धरून ठेवते आणि हजारो कीटक-पक्ष्यांचे घर असते. घराभोवती तीस मीटर आपण सांभाळावेत आणि त्यापलीकडची टेकडी टेकडीसारखी राहू द्यावी.

करून पाहा

१) कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला लहान दगडाचा ओळंबा लावा. कोनमापकाची सरळ कड टेकडीच्या उताराला समांतर धरा. दोरा ९० अंशांच्या खुणेपासून जितका सरकेल, तितका उताराचा कोन. तुमच्या जवळची टेकडी १:५ पेक्षा, म्हणजे ११ अंशांपेक्षा तीव्र आहे का?

२) सोसायटीच्या आवारातले १ मीटर × १ मीटर जागेवरचे गवत मोठ्यांच्या मदतीने कापून लगेच वजन करा. उन्हात चांगले वाळवून पुन्हा वजन करा. पाणी किती टक्के होते? हाच प्रयोग ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्चमध्ये करा. वाळलेल्या गवताचे वजन वरच्या सूत्रात घालून तुमच्या आवाराची 'ताकद' काढा.

३) घराभोवतीचा नकाशा काढून त्यावर दीड, दहा आणि तीस मीटरच्या रेषा आखा. प्रत्येक पट्ट्यात जळण्याजोगे काय काय आहे ते लिहा. नकाशा सोसायटीच्या फलकावर लावायला द्या. डिसेंबरात लावलात तर गवत कापून उचलायला पुरेसा वेळ मिळेल.